परीचे पाय

"भोक कुठे होतं ते मला स्वतःलाच सापडता कामा नये," गिऱ्हाईक म्हणालं आणि कोटाची बाही त्याने काउंटरवर पसरली. कोपराजवळ सिगारेटचा डाग होता आणि डागाच्या मधोमध आरपार भोक.

"सापडलं तर परत घेऊन या," मावशी म्हणाल्या. "अजून तरी कुणी आणलेलं नाही."

यात बढाई नव्हती. लाँड्रीच्या खिडकीपाशी एका खुर्चीत बसून मावशींनी इतकी वर्षं रफू केलं होतं, की त्यांच्या हाताखालून गेलेले कोट आणि शाली शहरभर फिरत होत्या, आणि त्यांच्यावर मावशींचं काम नेमकं कुठे आहे ते कुणालाच दाखवता आलं नसतं. रफूचं असंच असतं. चांगलं झालं तर दिसत नाही आणि दिसलं तर चांगलं झालेलं नसतं. मग कौतुक करायचं तरी कधी? बहुतेक लोक या प्रश्नात पडतच नाहीत, कपडे उचलून चालू लागतात.

मावशींनी कोट उलटा केला, आतल्या शिवणीतून त्याच कापडाचा एक धागा अलगद ओढून काढला आणि सुईत ओवला. पलीकडे लाँड्रीचे मालक वर्तमानपत्र मोठ्याने वाचत होते. सकाळी पहिली इस्त्री तापेपर्यंत सगळ्यांना बातम्या ऐकवणं हा ते आपला धर्म समजत.

"मावशी, ऐका. आपल्या परीचं पितळ उघडं पडलं!"

"कुठल्या परीचं?"

"अहो, संग्रहालयातल्या. 'बागेतली परी'. कोणी संशोधक आलाय. म्हणतो, कुठल्यातरी चित्रांच्या पुस्तकातून कापून चिकटवलेली आहे. कागदी. रविवारी सकाळी त्याचं व्याख्यान आहे." मालकांनी पेपर खाली केला. "शाळेत असताना आम्हाला रांगेने नेलं होतं हो बघायला. वर निबंध लिहायला लावला. मी तर खरंच मानत होतो बरं का, मिसरूड फुटेपर्यंत!"

मावशींची सुई थांबली होती.

"कागदी आहे ते खरं," त्या म्हणाल्या. "पण पुस्तकातलं चित्र नाही ते."

"तुम्हाला काय माहीत?"

"असंच," मावशी म्हणाल्या आणि त्यांनी पुन्हा मान खाली घातली.

तो फोटो शहरातल्या बहुतेकांना पाठ होता. फर्नच्या मोठ्या कुंडीशेजारी पाच-सहा वर्षांची एक मुलगी बसली आहे आणि सरळ कॅमेऱ्याकडे बघते आहे. तिच्या कानाजवळ, कुंडीच्या काठावर, वीतभर उंचीची परी. पंख जाळीचे. एका हाताने तिने पंखाची कड धरली आहे. घोट्यांपाशी परी संपते, त्याखाली फर्नची पानं. पाय नाहीत.

पाय का नाहीत, यावर शहरात दोन पिढ्या वाद घालत आल्या होत्या. परी हवेत राहते, तिला पाय हवेत कशाला, असं भाविक म्हणत. एका निवृत्त न्यायाधीशांनी तर पुस्तिकाच काढली होती. लबाडी करणाऱ्याने पाय आठवणीने काढले असते. ज्या अर्थी पाय नाहीत, त्या अर्थी परी खरी, असा त्यांचा निकाल होता. त्यावर अपील कुणी केलं नाही.

खरी गोष्ट एवढीच होती, की त्या दिवशी मावशींच्या पायांत त्यांच्या मोठ्या भावाचे जुने कॅनव्हासचे बूट होते. एका बुटाला नाडी नव्हती आणि दुसऱ्यातून अंगठा बाहेर आला होता.

मावशी तेव्हा सात वर्षांच्या होत्या. त्यांची आई डॉक्टरांच्या बंगल्यावर शिवणकामाला जायची आणि लेकीला बरोबर न्यायची. डॉक्टरांना दोन मुली. थोरली चौदा-पंधराची, हुशार आणि हट्टी. धाकटी बेबी. त्या महिन्यात बेबीला गोवर झाला होता. वरच्या खोलीत पडदे ओढून तिला ठेवलं होतं आणि ती औषध घेत नव्हती. बापाने शहराला औषधं द्यायची आणि पोटच्या पोरीने ती थुंकून टाकायची, असा प्रकार चालला होता. ताप उतरेना. बंगल्यात सगळे हलक्या आवाजात बोलू लागले होते.

मग थोरली म्हणाली, "औषध घेतलंस तर परी येईल."

"कधी?" बेबीने विचारलं.

"उद्या."

बोलून बसली आणि अडकली. दुसऱ्या दिवशी ती शिवणाच्या खोलीत आली तेव्हा रडकुंडीला आलेली होती. मावशींच्या आईने फाटक्या मच्छरदाणीचे पंख कापले, दिव्याच्या जुन्या शेडची तार त्यांत घातली, आणि एवढ्या घाईतही पंखांच्या कडा दुमडून बारीक टाक्यांनी शिवून घेतल्या. लांबून कुणाला दिसणार होत्या त्या? पण आईला कच्ची कड बघवायची नाही.

बागेच्या अगदी टोकाला बुटकी भिंत होती. मावशी तिच्यावर उभ्या राहिल्या. उजवा पंख घसरत होता म्हणून उजव्या हाताने तो धरून ठेवला. वर खिडकीचा पडदा थोडा सरकला आणि एक पांढरा, सुजलेला चेहरा काचेला चिकटला. मावशींनी डावा हात हलवला. काचेमागून एक इवलासा हात हलला. त्या दिवशी बेबीने औषध घेतलं, आणि पुढच्या दिवशीही घेतलं.

एवढ्यावर थांबलं असतं तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण थोरलीने वडिलांच्या कॅमेऱ्यातून मावशींचा एक फोटो काढून ठेवला होता. बेबी बरी झाली आणि परी जवळून बघायची म्हणून हटून बसली. जवळून दाखवायची कशी? जवळून ती शिवणवाल्या बाईंची मुलगी होती. तेव्हा थोरलीने वडिलांच्या अंधारखोलीत फोटो छापला, कात्रीने परी कापली, बुटांपाशी जरा विचार केला, आणि बूटही कापून टाकले. केसांची पिन लावून परी कुंडीत उभी केली. बेबीला शेजारी बसवून सांगितलं, "तिच्याकडे बघायचं नाही हं, ती लाजाळू आहे. बघितलंस तर उडून जाईल. इकडे बघ, माझ्याकडे."

बेबी शहाणी मुलगी होती. तिने मान वळवली नाही.

डॉक्टरांनी तो फोटो हौसेने एका स्नेह्याला दाखवला, स्नेह्याने आणखी कुणाला, आणि बघता बघता वर्तमानपत्राचा माणूस बंगल्याच्या फाटकाशी उभा राहिला. आता माघार घ्यावी तर सगळ्या घराचं हसं होणार होतं. थोरलीने तोंड मिटलं ते मिटलंच. मावशींची आई लेकीला म्हणाली, "मोठ्या घरची गोष्ट आहे ही. आपण तोंडाला कुलूप लावायचं." आणि थोरली मावशींना जिन्यात गाठून म्हणाली होती, "तुला पण देईन हं एक फोटो." तो काही तिने दिला नाही. विसरली असेल. पुढे लग्न करून दूर गेली आणि काही वर्षांपूर्वी वारली.

मावशींच्या लहानपणाचा दुसरा फोटो नव्हता. त्यांच्या घरात फोटो काढण्याइतकी कुणाची ऐपत नव्हती. आईचा तर एकही नाही. म्हणून आई गेली त्या वर्षी मावशी दर आठवड्याला संग्रहालयात जात, जिन्याच्या वळणावर त्या फोटोसमोर उभ्या राहत, आणि चष्मा वर करून पंखाची कड बघत. आईचा चेहरा कुठे नव्हता, पण आईचे टाके तिथे होते. पहारेकऱ्याला वाटे, बाईंचा पऱ्यांवर फार विश्वास दिसतो.

हे सगळं जगात आणखी एकाच माणसाला माहीत होतं. तो म्हणजे मावशींचा नवरा. आयुष्यभर लोकांच्या घरी वायरिंग केल्यामुळे गल्ली त्यांना वायरमनच म्हणायची. लग्न झालं त्या वर्षी मावशींनी त्यांना संग्रहालयात नेऊन फोटो दाखवला होता. त्यांनी एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा बायकोकडे, आणि म्हणाले होते, "तरीच म्हटलं, चहा इतका पांचट कसा. परीच्या हातचा आहे होय!" पण विश्वास मात्र त्यांनी तत्काळ ठेवला. एका क्षणाचीही शंका नाही. मावशींना त्या दिवशी हा माणूस पहिल्यांदा आवडला.

"रविवारी जायचं," बातमी ऐकताच ते म्हणाले. "आणि तू उठून सांगायचंस."

"काय सांगू?"

"की बाबा रे, ती मी. पुस्तकबिस्तक काही नाही."

"आणि लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. अगं, इतकी वर्षं तू परी होतीस, तेव्हा मी काही बोललो नाही. परी म्हणजे काही वाईट नव्हतं. पण आता तो तुला चित्र करून टाकतोय. म्हणजे तू नव्हतीसच! हे मला नाही चालणार."

मावशींनाही नेमकं तेच लागलं होतं. परी म्हणून त्या निदान कुणीतरी होत्या. हा माणूस म्हणत होता, तिथे कुणी मूल उभंच नव्हतं, आणि ते पंख कुणाच्या आईने शिवलेच नव्हते. त्यांना राग आला होता. सहसा येत नसे, त्यामुळे तो कुठे ठेवावा ते त्यांना कळेना.

रविवारी संग्रहालयाचं सभागृह भरलं होतं. संशोधक तरुण होता, बोलायला गोड, आणि मावशींना वाटलं होतं तसा शिष्ट मुळीच नव्हता. त्याने पडद्यावर जगभरच्या लबाड्या दाखवल्या. शंभरएक वर्षांपूर्वी दोन मावसबहिणींनी कागदी पऱ्या टोपीच्या टाचण्यांनी गवतात उभ्या केल्या, आणि गुप्तहेरकथा लिहिणारा एक नामांकित लेखक त्यांना भुलला. खेळण्यातल्या पाणबुडीवर मान बसवून तळ्यातला राक्षस तयार झाला. एकाच काचेवर दोनदा फोटो घेऊन कुणी विधवांना त्यांचे नवरे मागे उभे असलेले दाखवले.

"यातले लोक मूर्ख नव्हते," तो म्हणाला. "त्यांचं कुणीतरी गेलेलं होतं, किंवा जाईल अशी भीती होती. त्यांना हवं होतं ते फोटोत दिसलं. कॅमेरा फसवत नाही असं आपण म्हणतो. पण निम्मं फसणं आपण घरूनच घेऊन येतो."

बरोबर बोलतोय, मावशींच्या मनात आलं. वायरमन मात्र हाताची घडी घालून बसले होते.

मग 'बागेतली परी' पडद्यावर आली, भिंतीएवढी. एवढं मोठं मावशींनी स्वतःला कधी पाहिलं नव्हतं. पंखाच्या कडेचा एक एक टाका दिसत होता. संशोधकाच्या हातातली काठी त्यावरून फिरली. कडा कात्रीच्या आहेत, परीच्या अंगावरची सावली कुंडीवरच्या सावलीच्या उलट बाजूला आहे, पाय कापताना राहून गेले आहेत. "हे त्या काळच्या एखाद्या चित्रपुस्तकातलं पान असावं. पुस्तक अजून सापडलेलं नाही, सापडेल. आणि मुख्य म्हणजे या मुलीकडे बघा. कानाजवळ खरी परी उभी असती, तर ही कॅमेऱ्याकडे बघत बसली असती का?"

लोक हसले.

"ताईने सांगितलं होतं, बघू नकोस म्हणून," पहिल्या रांगेतून आवाज आला.

हसणं थांबलं. एक बाई उभ्या होत्या. आखूड पांढरे केस, हातात काठी. ही बेबी. शहरात लहान मुलांची शाळा त्यांनी वर्षानुवर्षं चालवली होती आणि अजूनही सगळे त्यांना बेबीबाईच म्हणत.

"तुम्ही म्हणता ते सगळं खरं असेल," त्या म्हणाल्या. "हा फोटो कागदाचा असेल. मी तेव्हा वळून पाहिलंच नाही, मला काय माहीत! पण त्याच्या आधी मी तिला पाहिली होती. मला गोवर झाला होता. ती बागेत आली होती. ती हलत होती हो. तिने मला हात केला."

"बाई, तुम्ही आजारी होतात," संशोधक अगदी हळुवारपणे म्हणाला. "अंगात ताप होता."

"होता. ठाऊक आहे मला." बेबीबाईंचा आवाज कापला. "सगळे हेच म्हणतात. ताई होती तोवर मी तिला विचारायचे, मी पाहिली होती ना गं? ती म्हणायची, हो, पाहिलीस. आता ताई नाही. आता पाहिलेली मी एकटीच उरले. मरताना मला एवढंच कळायला हवंय, की माझ्या डोक्यात तेव्हापासूनच काही बिघडलेलं नव्हतं."

त्या खाली बसल्या. सभागृहात कुणीतरी खोकलं.

वायरमननी मावशींना कोपराने ढोसलं. "ऊठ."

मावशी उठल्या. सगळ्यांच्या माना वळल्या आणि बेबीबाईंचीही वळली. तो सुजलेला पांढरा चेहरा मावशींना एवढ्या वर्षांनी आठवला, काचेला चिकटलेला. एक वाक्य बोललं की झालं. ती मी होते. सगळं शहर ऐकेल. आणि ही बाई घरी जाईल तेव्हा तिच्याजवळ परी नसेल. मच्छरदाणी पांघरलेली शिवणवाल्या बाईंची पोर असेल आणि तिच्याशी जन्मभर खोटं बोललेली बहीण असेल.

"बोला ना आजी," संशोधक म्हणाला.

"मला विचारायचं होतं," मावशी म्हणाल्या, "या फोटोची पोस्टकार्डं खाली मिळायची. ती अजून मिळतील का?"

लोक पोट धरून हसले. संशोधकही हसला. "मिळतील ना. उलट आता जास्त खपतील."

वायरमननी डोक्याला हात लावला.

व्याख्यान संपल्यावर बेबीबाई जिन्याखालच्या बाकावर एकट्याच बसल्या होत्या, टॅक्सीची वाट बघत. मावशींनी नवऱ्याला दाराशी थांबायला सांगितलं आणि त्या बाकापाशी गेल्या.

"बसू का?"

"बसा ना. तुम्ही पोस्टकार्डवाल्या."

"हो." मावशी बसल्या. "बाई, तिने डावा हात हलवला होता."

बेबीबाई गर्रकन वळल्या. "काय म्हणालात?"

"डावा. उजव्या हाताने पंख धरला होता तिने. भिंतीवर उभी होती, मागच्या बुटक्या भिंतीवर. तुम्ही काचेतून हात हलवलात."

"डावा." बेबीबाईंनी मावशींचं मनगट घट्ट धरलं. "हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. डावा की उजवा, कुणी विचारलंच नाही कधी. तुम्हाला कसं कळलं?"

"माझी आई तुमच्याकडे शिवायला यायची. मी असायचे तिच्याबरोबर, बागेत."

"म्हणजे तुम्हीही पाहिलीत?"

मावशींनी क्षणभर समोर बघितलं. जिन्याच्या वळणावरची फ्रेम बाकावरून दिसत नव्हती.

"हो," त्या म्हणाल्या. "मीही तिथेच होते."

"मग मला भास नव्हता झाला?"

"मुळीच नाही. तुम्ही पाहिलं ते खरं होतं."

बेबीबाई रडू लागल्या. मोठी माणसं रडतात तशा नव्हे, लहान मुलासारख्या, तोंड उघडं टाकून. मग त्यांनी डोळे पुसले आणि विचारलं, "इतकी वर्षं का नाही बोललात?"

"आईने सांगितलं होतं, बोलू नकोस म्हणून."

हे बेबीबाईंना लगेच पटलं. त्यांनीही मोठ्यांचं ऐकून कुठे मान वळवली होती? टॅक्सी येईपर्यंत दोघी हातात हात घेऊन बसून राहिल्या.

"काय हे!" घरी चालत जाताना वायरमन म्हणाले. "हातातोंडाशी आलेलं घालवलंस."

"घालवलं," मावशी म्हणाल्या. त्यांना वाईट वाटत होतं आणि ते त्यांनी लपवलं नाही. कोपऱ्यावर वळल्यावर वायरमननी त्यांच्या हातातली पिशवी आपल्याकडे घेतली आणि पुढे तो विषय काढला नाही.

महिन्याभरात संग्रहालयाने फोटोखालची पाटी बदलली. 'बनावट छायाचित्र. परीचे चित्र एका अज्ञात पुस्तकातून.' मावशींनी पोस्टकार्ड आणलं होतं, ते त्यांनी लाँड्रीत आपल्या खिडकीच्या काचेला लावलं. शिवणाचं मशीन तिथेच होतं. बसलं की नजर आपोआप पंखाच्या कडेवर जायची.

कोटाचं गिऱ्हाईक अखेर आलं. बाही उलटीसुलटी करून, उजेडात धरून त्याने बराच शोध घेतला. भोक सापडलं नाही.

"कमाल आहे," तो म्हणाला. मग त्याचं लक्ष काचेकडे गेलं. "अरे, ही ती खोटी परी ना? अजून लावून ठेवलीय होय तुम्ही?"

"खोटी नाही," मावशी म्हणाल्या. "ती मी आहे."

गिऱ्हाईक हसलं. इस्त्रीपाशी मालकही हसले, आणि मावशींनाही हसू आलं.

"आणि मग पाय कुठे गेले तुमचे, मावशी?"

"बुटांत होते."

गिऱ्हाईक आणखी जोरात हसत कोट खांद्यावर टाकून बाहेर पडलं. पुढचं काम पडद्यांचं होतं. मावशींनी कापड सुईखाली सरकवलं, दोन्ही पाय पायडलवर ठेवले आणि मशीन चालू केलं.